पुरुषांच्या लैंगिक तक्रारींवर ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम

गुडघा दुखला तर माणूस चारचौघांत सांगतो, पण लैंगिक संबंधातील अडचण मित्रालाही सांगत नाही. चंद्रपूर व गडचिरोलीसारख्या जंगलव्याप्त जिल्ह्यांत दवाखाना दूर असतो आणि दवाखान्यात ओळखीचे कुणी भेटेल, ही भीतीही असते. अशा वेळी एसटी स्थानकालगतच्या भिंतीवरील 'गुप्तरोगावर हमखास इलाज' ही जाहिरात जवळची वाटू लागते. वास्तविक लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. तरीही या जाहिरातींपायी पैसा जातो, आजार मात्र तसाच राहतो. शीघ्रपतन, ताठरता टिकून न राहणे आणि लघवीनंतर थेंब गळणे या तक्रारींवर एक साधा, बिनखर्चाचा व्यायाम उपयोगी पडू शकतो. तो नीट शिकून घ्यावा लागतो, एवढेच.

व्यायाम आला कुठून?

पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी पसरलेली असते. मूत्राशय व गुदाशय यांना ती आधार देते. यातील काही स्नायू लिंगाच्या मुळाशी आवळले जातात, तेव्हा लिंगात आलेले रक्त परत जाणे रोखले जाते व ताठरता टिकते. वीर्यस्खलनही याच स्नायूंच्या आकुंचनाने होते.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला, तो बाळंतपणानंतर लघवीवरील ताबा सुटलेल्या स्त्रियांसाठी. पुरुषांचा विचार पुष्कळ उशिरा झाला. इंग्लंडमध्ये ग्रेस डोरी व सहकाऱ्यांनी ताठरतेची तक्रार असलेल्या ५५ पुरुषांचा अभ्यास केला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर ४० टक्के पुरुषांची ताठरता पूर्ववत झाली, सुमारे ३५ टक्के पुरुषांत सुधारणा दिसली आणि उरलेल्या जवळपास एकचतुर्थांश पुरुषांना लाभ झाला नाही. इटलीत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीघ्रपतन असलेल्या ४० पैकी ३३ पुरुषांना १२ आठवड्यांत ताबा मिळविता आला. हे अभ्यास लहान आहेत आणि त्यांत प्रशिक्षित व्यक्तीचे मार्गदर्शन होते, हे लक्षात घ्यावे.

व्यायाम कसा करावा?

प्रथम स्नायू ओळखावेत. वायू सरू नये म्हणून आपण जे स्नायू आवळतो, तेच हे. आरशासमोर उभे राहून ते आवळले असता लिंगाचे मूळ किंचित आत ओढले जाते व वृषण वर सरकतात. लघवी मध्येच थांबवून हे स्नायू एखाद्या वेळी ओळखता येतात, पण रोज तसे करू नये.

सुरुवातीला पाठीवर झोपून, गुडघे वाकवून स्नायू पाच सेकंद आवळावेत आणि पाच सेकंद पूर्ण सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. हळूहळू कालावधी दहा सेकंदांपर्यंत न्यावा आणि पुढे बसून व उभ्यानेही सराव करावा. श्वास रोखू नये. पोट, मांड्या व नितंब आवळू नयेत. लघवी झाल्यावर एकदा आवळल्यास थेंब गळणे कमी होते. जड ओझे उचलताना किंवा खोकताना हे स्नायू आधी आवळावेत. हठयोगातील मूलबंधातही याच भागाचे आकुंचन असते. परिणाम दिसण्यास सहसा सहा ते बारा आठवडे लागतात.

आधी तपासणी

ताठरतेची तक्रार हा कित्येकदा दुसऱ्याच आजाराचा इशारा असतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असल्याने त्यांतील अडथळा आधी जाणवतो. हृदयविकाराची लक्षणे दिसण्यापूर्वी काही वर्षेही हे घडू शकते. म्हणून रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी यांची तपासणी करून घ्यावी. छातीदुखीसाठी नायट्रेट वर्गाचे औषध घेणाऱ्याने ताठरतेच्या गोळ्या घेणे जिवावर बेतू शकते.

या भागात घरोघरी पोहोचलेल्या खर्ऱ्याचाही इथे संबंध आहे. तंबाखूतील निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. खर्रा व दारू चालू ठेवून केवळ व्यायामावर विसंबणे व्यर्थ आहे. ओटीपोटात, वृषणात किंवा स्खलनाच्या वेळी वेदना होत असल्यास मात्र व्यायाम सुरू करू नये; तेथे स्नायू आधीच ताठरलेले असू शकतात. लघवीत रक्त दिसल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. 'धातू गेल्याने' अशक्तपणा येतो, या समजाला वैद्यकीय आधार नाही.

विचारले तर माणसे बोलतात

गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे त्यात आढळले, मात्र पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या आठ टक्के होत्या. जे दुखणे कुणी विचारलेच नव्हते, ते विचारल्यावर पुढे आले. याच संस्थेच्या 'तारुण्यभान' शिबिरांतून मुलामुलींना शरीराची माहिती दिली जाते. प्रौढ पुरुषाला असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, त्यामुळे पहिले पाऊल त्यालाच उचलावे लागते. जिल्हा रुग्णालयातील डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांना तक्रार स्पष्ट शब्दांत सांगावी आणि शक्य असल्यास पत्नीलाही सोबत न्यावे.