चकाकीमागचे हात

इतिहास म्हटला की विद्यार्थ्यांना बादशहा, लढाया आणि सनावळ्या आठवतात. मातीच्या भांड्यालाही इतिहास असतो, हे आम्हा शिक्षकांना वर्गात सांगण्याची संधी क्वचितच मिळते. म्हणून येथे एका घराची आणि त्यातील भांड्यांची हकीकत.

इंग्लंडच्या ससेक्स भागात, ईस्ट ग्रिनस्टेड गावाजवळ, स्टँडन नावाचे घर आहे. लंडनचे वकील जेम्स बील यांच्यासाठी फिलिप वेब यांनी ते बांधले. १८९४ मध्ये ते पूर्ण झाले. खेड्यातले घर असूनही त्यात विजेचे दिवे होते आणि भिंतींवर विल्यम मॉरिस यांच्या कंपनीचे नक्षीदार कागद. यंत्राच्या एकसारख्या मालाला कंटाळलेल्या लोकांना तेव्हा हाताने घडविलेली वस्तू हीच खरी आधुनिक सजावट वाटू लागली होती. या घरात आज विल्यम दे मॉर्गन यांच्या कारखान्यातली भांडी मांडलेली आहेत. त्यांवर तांबूस झळाळी आहे. ती पाहणाऱ्याबरोबर हलते.

ही झळाळी इंग्लंडची नव्हे. नवव्या शतकात इराकच्या कुंभारांनी ती मातीवर आणली. ट्युनिशियातील कैरवानच्या मोठ्या मशिदीच्या मेहराबीभोवती त्या शतकातल्या अशा फरशा आजही आहेत. पुढे ही कला इजिप्तला आणि इराणमधल्या काशानला पोहोचली. उर्दूतला ‘काशीकारी’ हा शब्द याच शहराच्या नावावरून आला. काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ मध्ये तिची कृती लिहून ठेवली. झिलई देऊन भाजलेल्या भांड्यावर चांदी-तांब्याच्या संयुगांनी चित्र काढायचे, मग मंद आचेच्या, धुराने भरलेल्या भट्टीत पुन्हा भाजायचे. धूर कमी पडला तर चमक येत नाही, आच वाढली तर सगळेच बिघडते. उस्तादाच्या नजरेवरच सारी मदार.

स्पेनमधल्या मालागाची सोनेरी भांडी दूरदेशी जातात, अशी नोंद चौदाव्या शतकात इब्न बतूताने केली. तेथील मुस्लिम कारागीर व्हॅलेन्सियाजवळच्या मनिसेस गावी आले आणि त्यांची ताटे युरोपातल्या सरदारांच्या घरी मिरवू लागली. परंतु १६०९ मध्ये स्पेनच्या राजाने मोरिस्को लोकांना, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर काढण्याचा हुकूम दिला. त्याची सुरुवात व्हॅलेन्सियातूनच झाली. ताटे कपाटात राहिली, ज्यांच्या घराण्यांनी ती घडविली ते लोक जहाजात चढविले गेले.

दे मॉर्गन यांनी ही झळाळी पुन्हा शोधण्यासाठी फार खटपट केली. १८७२ मध्ये त्यांच्या भट्टीमुळे राहत्या घराचे छप्परच पेटले. त्यांच्या भांड्यांच्या तळाशी अनेकदा रंगविणाऱ्या कारागिराची आद्याक्षरे आढळतात, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. काशानच्या अबू जैदनेही सात-आठ शतकांपूर्वी आपल्या कामावर सही केली होती. मनिसेसच्या बहुतेक हातांना मात्र नाव उरले नाही.

कलेला हद्दपार करणे कठीण असते, कलावंताला सोपे. आज हाताने घडविलेली सुरई पुन्हा दिवाणखान्यात शोभेसाठी येत आहे. ती घेताना भावाबरोबर घडविणाऱ्याचे नावही विचारावे, एवढे तरी हा इतिहास आपल्याकडे मागतो.