मराठी बायबल कोणते घ्यावे?

मराठी बायबल वाचायचे तर कोणते घ्यावे, असे शाळामास्तर कधी कधी विचारतात. मी उलट विचारतो, नुसते वाचायचे की अभ्यासायचे?

विल्यम कॅरे यांचा मराठी ‘नवा करार’ 1811 साली श्रीरामपूरला छापला गेला. आपले उसाच्या मळ्यांचे श्रीरामपूर नव्हे बरे का! हे बंगालमधले, हुगळीकाठचे. मदतीला पंडित वैजनाथ होते, तरी इकडच्या कानांना ती मराठी परकी वाटली. मुंबईच्या मिशनऱ्यांनी पुन्हा नव्याने भाषांतर केले. इतिहासाच्या अभ्यासकाने कॅरे पाहावा. रोजच्या वाचनाला तो नव्हे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट निराळी. संस्कृत ज्यांच्या जिभेवर खेळत होते, त्या बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवले. का? केडगावच्या मुक्ती मिशनात दुष्काळातून आलेल्या मुली होत्या. पंडिती भाषा त्यांच्या काय कामाची? छपाईचे कामही तिथल्या बायकांनीच केले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. ग्रंथ 1924 साली निघाला.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ 2010 चे. आजच्या वाचकाने इथूनच सुरुवात करावी, असे मला वाटते. कॅथलिक बायबलात 73 पुस्तके असतात, प्रॉटेस्टंट बायबलात 66. तेव्हा कोणतेही घेताना अनुक्रमणिका चाळा.

अभ्यास करायचा असेल तर मात्र शेजारी रमाबाई हव्यात. लूकच्या 15 व्या अध्यायातला उधळ्या मुलाचा दृष्टांत दोन्हींत मोठ्याने वाचा, आणि शब्द वेगळे पडतील तिथे पेन्सिलीने खूण करा.