पटेला आल्टा

पटेला आल्टा ही गुडघ्याच्या वाटीची अशी स्थिती आहे, जिच्यात वाटी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरील आपल्या नेहमीच्या जागेपेक्षा वर असते. मराठीत तिचे वर्णन ‘उंच वाटी’ असे करता येते. ही स्थिती बहुधा जन्मतः किंवा वाढीच्या वयात निर्माण होते आणि अनेकदा दोन्ही गुडघ्यांत आढळते. उंच वाटी असलेल्या पुष्कळ व्यक्तींना आयुष्यभर कोणताही त्रास होत नाही. काहींना मात्र गुडघ्याच्या पुढच्या भागात वेदना होतात किंवा वाटी वारंवार बाहेरच्या बाजूला निखळते. त्यामुळे केवळ वाटीची उंची हा आजार मानला जात नाही; लक्षणे आणि गुडघ्याची एकूण रचना यांच्यासह तिचा विचार करावा लागतो.

नाव

लॅटिन भाषेत ‘पटेला’ म्हणजे लहान पसरट ताटली आणि ‘आल्टा’ म्हणजे उंच. मराठीतील ‘वाटी’ हे नावही भांड्याच्या आकारावरूनच रूढ झाले आहे. याच्या उलट, वाटी नेहमीपेक्षा खाली असण्याच्या स्थितीला ‘पटेला बाहा’ किंवा ‘पटेला इन्फेरा’ असे म्हणतात.

शरीररचना आणि कार्य

गुडघ्याची वाटी हे कंडरेच्या आत तयार होणाऱ्या हाडांपैकी मानवी शरीरातील सर्वांत मोठे हाड आहे. मांडीच्या पुढील बाजूस असलेला क्वाड्रिसेप्स हा चार शिरांचा स्नायू वरून वाटीला जोडलेला असतो. वाटीच्या खालच्या टोकापासून निघणारी मजबूत कंडरा नडगीच्या हाडावरील पुढच्या उंचवट्याला जोडलेली असते. स्नायू आकुंचन पावला की वाटी वर ओढली जाते, वाटी कंडरेला ओढते आणि पाय गुडघ्यात सरळ होतो. या रचनेत वाटी तरफेप्रमाणे काम करते. तिच्यामुळे स्नायूची ओढ सांध्याच्या अक्षापासून दूर राहते आणि तेवढ्याच बळात पाय सरळ करण्याची ताकद वाढते.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर पुढच्या बाजूस एक खोबण असते. गुडघा पूर्ण सरळ असताना वाटी या खोबणीच्या वरच्या तोंडाशी बऱ्याच अंशी मोकळी असते. त्यामुळे मांडीचे स्नायू सैल सोडल्यास ती बोटांनी थोडी इकडेतिकडे हलवता येते. गुडघा साधारण २० ते ३० अंशांपर्यंत वाकला की ती खोबणीत नीट बसते आणि खोबणीच्या कडा तिला दोन्ही बाजूंनी आधार देतात. त्याआधीच्या टप्प्यात तिला मुख्यतः मऊ ऊतींचा आधार असतो. वाटीला आतल्या बाजूने मांडीच्या हाडाशी बांधून ठेवणारा अस्थिबंध त्यांत विशेष महत्त्वाचा आहे.

वाटी उंच असल्यास ती खोबणीत उशिरा उतरते. साहजिकच गुडघा वाकण्याच्या सुरुवातीच्या अंशांत तिला हाडाचा आधार नसण्याचा काळ वाढतो. धावताना अचानक दिशा बदलणे, उडी मारून उतरणे किंवा पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर वळवणे, या हालचाली नेमक्या याच अंशांत घडतात. त्याचबरोबर वाटी आणि खोबण यांचे परस्परांना टेकणारे क्षेत्रही कमी होते. तेवढेच बळ लहान क्षेत्रावर आल्याने कूर्चेवरील दाब वाढतो. वाटी निखळणे आणि कूर्चेची झीज हे या स्थितीचे दोन प्रमुख धोके या रचनेतून उद्भवतात.

कारणे

बहुतेक व्यक्तींमध्ये वाटीखालील कंडरा जन्मतः किंवा वाढीच्या काळात प्रमाणापेक्षा लांब झालेली असते. सांध्यांमध्ये एकंदर शिथिलता असलेल्या व्यक्तींमध्येही उंच वाटी दिसू शकते. सेरेब्रल पाल्सी असलेली काही मुले गुडघे वाकवून चालतात; सततच्या ओढीमुळे त्यांच्या वाट्या हळूहळू वर जातात. किशोरवयात नडगीच्या उंचवट्याला सूज व वेदना आणणाऱ्या ऑसगुड-श्लॅटर विकाराशीही या स्थितीचा संबंध नोंदवला गेला आहे.

या सर्वांहून निराळे कारण म्हणजे वाटीखालील कंडरा तुटणे. उडी मारताना किंवा पडताना कंडरा तुटली तर मांडीच्या स्नायूची ओढ वाटीला एकाएकी वर नेते. अशा वेळी वाटीच्या खाली बोटाला पोकळी जाणवते, गुडघा सुजतो आणि उताणे झोपून पाय सरळ ठेवून उचलता येत नाही. ही दुखापत तातडीच्या उपचारांची असून तुटलेली कंडरा बहुधा शस्त्रक्रियेने जोडावी लागते. विलंब झाल्यास स्नायू आखडतो आणि जोडणी अवघड होते.

लक्षणे

वेदना होत असल्यास त्या मुख्यतः वाटीच्या मागे किंवा भोवती जाणवतात. जिने चढता-उतरताना, उकिडवे बसताना, मांडी घालून बसल्यावर उठताना किंवा बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यास त्या वाढतात. काहींना गुडघा ‘दगा देतो’ असे वाटते. म्हणजे चालताना क्षणभर आधार सुटल्यासारखा होतो. वाटीच्या खालची मेदाची गादी हाडांमध्ये चिमटली गेल्यास वाटीच्या खालच्या व बाहेरच्या बाजूस दुखते.

वाटी निखळल्यास ती गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सरकलेली दिसते आणि गुडघा वाकलेल्या अवस्थेत अडकतो. अनेकदा पाय सरळ होताच ती आपोआप जागेवर येते व मागे फक्त सूज उरते. त्यामुळे दुखापतीचे स्वरूप घरच्यांच्या किंवा शिक्षकांच्या लक्षात येत नाही आणि ती ‘मुरगळणे’ समजून सोडून दिली जाते. प्रत्यक्षात अशा प्रसंगी आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटलेला असू शकतो, तसेच कूर्चेसह हाडाचा तुकडा निघून सांध्यात पडलेला असू शकतो. म्हणून पहिल्यांदा वाटी निखळल्यावरही, ती जागेवर आली असली तरी, क्ष-किरण तपासणी करतात. वाटी अडकून राहिली असेल तर जोर लावून ती बसवू नये. पाय आहे त्या स्थितीत आधार देऊन रुग्णाला रुग्णालयात न्यावे.

निदान

रुग्ण पाय खाली सोडून बसला असता उंच वाट्या समोर पाहण्याऐवजी वर, छताकडे पाहत असल्यासारख्या दिसतात. बाजूने पाहिल्यास वाटी आणि तिच्याखालील मेदाची गादी असे दोन उंचवटे दिसतात. त्यांना उंटाच्या पाठीची उपमा दिली जाते. वैद्यक वाटी हलकेच बाहेरच्या बाजूला ढकलून पाहतात. पूर्वी वाटी निखळलेला रुग्ण या वेळी घाबरून स्नायू आवळतो किंवा हात धरतो.

निश्चितीसाठी गुडघा सुमारे ३० अंश वाकवून बाजूने क्ष-किरण चित्र घेतात आणि त्यावर पुढीलपैकी एक किंवा अधिक गुणोत्तरे मोजतात.

इन्सॉल-साल्व्हाती गुणोत्तर: जॉन इन्सॉल आणि एदुआर्दो साल्व्हाती यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत कंडरेच्या लांबीला वाटीच्या सर्वाधिक लांबीने भागतात. ०.८ ते १.२ हे गुणोत्तर सामान्य समजले जाते. उदाहरणार्थ, वाटी ४४ मिलिमीटर आणि कंडरा ५५ मिलिमीटर असल्यास गुणोत्तर १.२५ येते, म्हणजे वाटी उंच ठरते.

ब्लॅकबर्न-पील गुणोत्तर: १९७७ मधील या पद्धतीत नडगीच्या हाडाच्या वरच्या पृष्ठभागापासून वाटीच्या कूर्चायुक्त भागाच्या खालच्या कडेची उंची मोजून तिला त्या भागाच्या लांबीने भागतात. १ पेक्षा अधिक गुणोत्तर उंच वाटी दर्शवते.

कॅटॉन-देशाँ गुणोत्तर: फ्रान्समध्ये १९८२ मध्ये प्रचारात आलेल्या या पद्धतीत वाटीच्या कूर्चायुक्त भागाच्या खालच्या कडेपासून नडगीच्या हाडाच्या पुढच्या-वरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर घेऊन त्याला कूर्चायुक्त भागाच्या लांबीने भागतात. १.२ पेक्षा अधिक गुणोत्तर उंच वाटीचे मानले जाते.

या पद्धतींची उत्तरे नेहमी जुळतात असे नाही. वाटीचे खालचे टोक लांब असल्यास इन्सॉल-साल्व्हाती गुणोत्तर फसवे ठरू शकते. शिवाय शस्त्रक्रियेत नडगीचा उंचवटा खाली आणला तरी कंडरेची लांबी तीच राहते, म्हणून हे गुणोत्तर बदलत नाही. अशा वेळी इतर दोन पद्धती उपयोगी पडतात. काही आशियाई आणि आफ्रिकी लोकसमूहांच्या मोजणीत इन्सॉल-साल्व्हाती गुणोत्तराची सरासरी १ पेक्षा जास्त आढळली आहे. त्यामुळे पाश्चात्त्य रुग्णांवरून ठरलेली मर्यादा किंचित ओलांडली गेली एवढ्यावरून निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

एमआरआय तपासणीत कूर्चा, अस्थिबंध आणि खोबणीची खोली दिसते. तसेच वाटी व खोबण प्रत्यक्षात किती भागात एकमेकांसमोर येतात हेही मोजता येते. फ्रान्समधील लियों येथील आंरी देजूर आणि सहकाऱ्यांनी वाटीच्या अस्थिरतेमागील चार प्रमुख घटक सांगितले आहेत: उथळ खोबण, उंच वाटी, नडगीचा उंचवटा बाहेरच्या बाजूस असणे आणि वाटीचा कल. एकाच रुग्णात यांतील अनेक घटक एकत्र असू शकतात.

उपचार

लक्षणे नसल्यास उपचारांची गरज नसते. क्ष-किरण अहवालात ‘पटेला आल्टा’ हे शब्द आढळले, तरी गुडघ्यातील प्रत्येक वेदनेचे कारण तेच असेल असे नाही.

वेदना हा मुख्य त्रास असल्यास प्रथम भौतिकोपचार करतात. त्यात मांडीच्या पुढच्या व मागच्या स्नायूंचे, तसेच नितंबातील स्नायूंचे बळ वाढवणे, आखडलेले स्नायू ताणणे, तोल साधण्याचा सराव आणि उडी मारून उतरण्याची योग्य पद्धत शिकणे यांचा समावेश होतो. परिणाम दिसण्यासाठी हे व्यायाम काही महिने नियमित करावे लागतात. वाटीला आधार देणारा पट्टा किंवा चिकटपट्टी यांचा काहींना उपयोग होतो. वेदना वाढवणाऱ्या हालचाली काही काळ कमी करणे, उकिडवे बसण्याऐवजी खुर्चीचा वापर करणे आणि वजन आटोक्यात ठेवणे हेही हितकारक असते. व्यायामाने वाटी खाली येत नाही. मात्र स्नायूंचा आधार सुधारल्याने त्रास कमी होऊ शकतो.

वाटी वारंवार निखळत असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. आतल्या बाजूच्या फाटलेल्या अस्थिबंधाची कंडरेच्या तुकड्याने पुनर्रचना करणे हा एक मार्ग आहे. वाटी बरीच उंच असल्यास नडगीचा उंचवटा कंडरेसह कापून मोजून काही मिलिमीटर खाली आणतात आणि स्क्रूंनी बसवतात. तो प्रमाणापेक्षा अधिक खाली आणल्यास वाटी खोल जाऊन दाब व वेदना वाढतात. कापलेले हाड न जुळणे, नडगीचे हाड मोडणे आणि स्क्रूमुळे टोचणे हे या शस्त्रक्रियेचे इतर धोके आहेत. ज्यांच्या हाडांची वाढ पूर्ण झालेली नाही अशा मुलांमध्ये हा उंचवटा कापणे टाळतात; तेथील वाढीच्या कूर्चेला इजा झाल्यास पुढे गुडघा मागच्या दिशेने झुकू शकतो. त्यांच्यासाठी कंडरेची लांबी कमी करण्यासारख्या मऊ ऊतींवरील शस्त्रक्रिया निवडल्या जातात.

दीर्घकालीन परिणाम

उंच वाटी असलेल्या गुडघ्यात वाटी आणि मांडीचे हाड यांच्यामधील कूर्चेची झीज होण्याची शक्यता अधिक असते. प्रत्येक वेळी वाटी निखळताना कूर्चेला नवी इजा होऊ शकते, म्हणून वारंवार निखळणाऱ्या वाटीकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते. याउलट, कधीही न निखळलेली व न दुखणारी उंच वाटी असलेल्या व्यक्तीला खेळ किंवा नेहमीची कामे सोडण्याचे कारण नसते.