द्वीपचापांतील हेलियम : एका साक्षीचा इतिहास

‘समस्थानिक’ हा शब्द ग्रीक घटकांपासून बनविलेल्या पाश्चात्त्य संज्ञेचे सरळ भाषांतर होय. १९१३ साली सॉडी ह्यांनी ती मूळ संज्ञा रूढ केली तेव्हा ‘स्थान’ म्हणजे आवर्तसारणीतील घर एवढाच अर्थ अभिप्रेत होता. भूविज्ञानास ही कल्पना उपयोगी पडली ती मात्र नेमक्या उलट कारणाने. एकाच घरात बसणाऱ्या अणूंची जन्मस्थाने भिन्न असू शकतात. हेलियम-४ हे खडकांतील युरेनियम व थोरियम ह्यांच्या क्षयातून अखंड निर्माण होत असते. हेलियम-३ हे बहुतांशी पृथ्वी घडत असतानाच तिच्या उदरात कोंडले गेलेले आहे. हवेत हेलियम-४ च्या दहा लक्ष अणूंमागे हेलियम-३ चे जेमतेम १.४ अणू सापडतात. खंडीय कवचातील वायूंत ते प्रमाण ह्याहूनही कितीतरी कमी असते.

१९६९ साली मामिरिन, तोल्स्तिखिन व त्यांचे सहकारी ह्या सोव्हिएत संशोधकांनी क्युरील द्वीपमालेतील ज्वालामुखीय वायूंची तपासणी प्रसिद्ध केली. तीत हेलियम-३ चे प्रमाण हवेतल्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळले. त्याच वर्षी क्लार्क, बेग व क्रेग ह्यांना प्रशांत महासागराच्या खोल पाण्यातही त्याचा अतिरेक दिसला. पृथ्वीचा आद्य वायू अद्याप बाहेर पडत आहे, हे ह्या दोन लेखांनी प्रथम प्रस्थापित केले.

ह्यांतील क्युरीलचा पुरावा अधिक बुचकळ्यात टाकणारा होता. भूपट्टांचा सिद्धान्त नुकताच आकारास आला होता. त्यानुसार द्वीपचापाखाली जुना सागरी पट्ट गाळासह खाली बुडत असतो. मग तेथील वायूंवर कवचातील हेलियम-४ ची छाप का नसावी? उत्तर पुढील दोन दशकांत मिळत गेले. सानो व वाकिता ह्यांनी १९८५ साली जपानचा नकाशाच मांडला : सागरी गर्ताकडील पट्ट्यात गुणोत्तर नीच, आणि ज्वालामुखींची रांग सुरू होताच ते एकदम उच्च. हे हेलियम, अर्थात, बुडत्या पट्टाचे नसून त्याच्यावरील प्रावरणाचे होते. १९८९ साली हिल्टन व क्रेग इंडोनेशियाच्या चापाचा माग काढीत पूर्वेकडे गेले, तेव्हा बांदाच्या बाजूस गुणोत्तर घसरलेले आढळले. तेथे ऑस्ट्रेलियाच्या खंडाची कडाच चापाखाली शिरली आहे. नियमाला मिळालेला हा अपवाद नियमाइतकाच बोलका आहे.

ह्या सर्व मापनांत हवेची भेसळ हा कायमचा शत्रू. निऑनचे प्रमाण पाहून ती वजा करावी लागते.

खरा पेच कार्बनने उभा केला. सानो व मार्टी ह्यांनी १९९५ साली कर्बद्विप्राणिल वायू व हेलियम-३ ह्यांचे गुणोत्तर कार्बनच्या समस्थानिकांशी ताडून पाहिले. चापांतील बहुतेक कार्बन बुडालेल्या चुनखडीतून व गाळातून परत आलेला दिसला. म्हणजे एकाच धूममुखातून निघणाऱ्या वाफेत हेलियम प्रावरणाचे आणि कार्बन समुद्रतळाचा! केवळ हेलियमवर विसंबणाऱ्याला पट्ट बुडतो आहे ह्याचा पत्ताही लागला नसता. २००२ साली फिशर व सहकाऱ्यांनी मध्य अमेरिकेत नायट्रोजन तपासला. ग्वाटेमालातील वायूंत गाळाचा नायट्रोजन विपुल, आणि त्याच चापावरील कोस्टारिकात मात्र तो बेताचा आढळला. दोन्हींकडे तोच कोकोस पट्ट खाली जातो. गाळ वाटेतच खरवडला जात असावा, हे त्याचे एक स्पष्टीकरण.