दिनविशेष : २५ नोव्हेंबर – गोव्याच्या ढालीवरचे चाक

२५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द अल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा शहर जिंकले. हा दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा असल्याने तिला शहराची संरक्षक मानण्यात आले आणि ज्या दातेरी चाकावर तिचा छळ करण्याचा घाट घातला गेला, पण दंतकथेनुसार जे स्पर्श होताच मोडले, ते चाक शहराच्या मानचिन्हात, म्हणजे ढालीवर कोरलेल्या अधिकृत ओळखचिन्हात, आले. ८ मे १९३५ रोजी पोर्तुगालने वसाहतींची मानचिन्हे ठरवली, तेव्हाही पोर्तुगीज भारताच्या ढालीवर चाकच राहिले. पोर्तुगालमध्ये छोट्या नगरपालिकांनाही अशी ढाल व ध्वज असतो. ढालीवरील तटबंदीच्या मुकुटाला शहरासाठी पाच, नगरासाठी चार आणि गावासाठी तीन बुरूज असल्याने चिन्ह पाहताच वस्तीचा दर्जा कळतो. ही पद्धत देखणी आहे. परंतु गोव्याच्या ढालीने जेत्यांच्या विजयदिनाची आठवण जपली, जितांची नव्हे, हे विसरता येत नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर या चिन्हाची राजसत्ता संपली. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल मात्र आजही संत कॅथरिनलाच अर्पण केलेले आहे.