भातपीक आणि वृद्धिनियंत्रक द्रव्ये : एक ऐतिहासिक आलोचन

वृद्धिनियंत्रक द्रव्यांमुळे भाताचे उत्पन्न वाढते काय, असा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, म्हणजे गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड या तालुक्यांत, भात हे खरिपाचे मुख्य पीक असल्यामुळे या प्रश्नाला येथे व्यावहारिक महत्त्व आहे. परंतु या द्रव्यांचा इतिहास पाहिला असता प्रश्नाची ही मांडणीच अपुरी ठरते, असे आमचे मत आहे. तो इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

या इतिहासाचा आरंभ एका रोगापासून होतो. जपानी शेतकऱ्यांना भाताच्या तरव्यात काही रोपे इतरांहून उंच, बारीक व फिकट झालेली आढळत. अशी रोपे बहुधा मरत. जगली तरी त्यांना दाणा धरत नसे. या विकृतीला ते ‘बकाने’, म्हणजे ‘वेडे रोप’, असे म्हणत. ती एका कवकामुळे होते, असे होरी यांनी १८९८ मध्ये दाखविले. पुढे १९२६ मध्ये, त्या वेळी जपानच्या ताब्यात असलेल्या फॉर्मोसा बेटावर, एइचि कुरोसावा यांनी हे कवक द्रवात वाढवून तो द्रव गाळून घेतला व निरोगी रोपांना दिला. कवकाचा संसर्ग नसतानाही ती रोपे तशीच उंच वाढली. रोगाचे कारण कवक असले, तरी लक्षणाचे कारण त्याने निर्माण केलेले रासायनिक द्रव्य आहे, हे यावरून सिद्ध झाले. याबुता यांनी १९३५ मध्ये त्या द्रव्यास ‘जिबरेलिन’ हे नाव दिले आणि १९३८ मध्ये याबुता व सुमिकी यांनी ते स्फटिकरूपात मिळविले. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचे लक्ष या कार्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतरच गेले. १९५० नंतरच्या दशकात असे दिसून आले की, ही द्रव्ये निरोगी वनस्पतींच्या शरीरातही तयार होतात. ज्याला आपण रोगाचे विष समजत होतो, तेच वनस्पतीच्या स्वाभाविक वाढीचे नियामक होते. कवक त्याचा केवळ अतिरेक घडवून आणीत होते.

इतिहासाचा दुसरा टप्पा याच्या नेमका उलट आहे. जुन्या उंच जातींना नत्रखत अधिक दिले, तर पीक वाढून लोळत असे व दिलेले खत वाया जाई. तैवानातील ‘डी-जिओ-वू-जेन’ या ठेंगण्या जातीचा ‘पेटा’ या उंच जातीशी संकर करून फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये ‘आय. आर. ८’ ही जात प्रसृत केली. ती खत पचवून उभी राहत असे. आशियातील भाताचे उत्पन्न या ठेंगण्या वाणांनी पालटून टाकले. मात्र त्या ठेंगणेपणाचे कारण २००२ मध्ये उलगडले. जिबरेलिन तयार करणाऱ्या एका विकराचा जनुक या जातींत सदोष असतो. त्यामुळे खोडात हे द्रव्य कमी पडते व पेरे आखूड राहतात. गव्हाच्या ठेंगण्या वाणांत जिबरेलिन तयार होते, पण वनस्पती त्यास पुरेसा प्रतिसाद देत नाही. भातात पुरवठाच कमी असतो. म्हणून ठेंगण्या भाताला बाहेरून जिबरेलिन दिल्यास तो पुन्हा उंच होऊ शकतो. अशा वाणावर ‘जोमदार वाढीसाठी’ हे द्रव्य फवारणे म्हणजे पैदासकाराने साधलेला गुण खर्च करून घालविणे होय.

तिसरा टप्पा महाराष्ट्राशी निगडित आहे. कर्जत येथील संशोधन केंद्राचा ‘सह्याद्री’ हा संकरित भात १९९८ मध्ये प्रसृत झाला. संकरित बियाण्यासाठी नरवंध्य मादी वाण लावावा लागतो. परंतु त्याची लोंबी पूर्णपणे निसवत नाही, तिचा खालचा भाग पोटरीतच अडकतो व तेथपर्यंत परागकण पोचत नाहीत. लोंब्या निसवू लागताच जिबरेलिनची फवारणी केल्यास सर्वांत वरचे पेर लांबते आणि लोंबी मोकळी होते. भारतात यासाठी हेक्टरी सुमारे ४५ ते ६० ग्रॅम द्रव्य पुरते. येथे लाभ होतो तो बीजोत्पादकाला, आणि तोही एका विशिष्ट अवस्थेत, एका विशिष्ट वैगुण्यावर उपाय म्हणून.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आजऱ्याचा घनसाळ हा सुवासिक भात २०१६ पासून भौगोलिक मानांकनप्राप्त आहे. तो उंच वाढतो व लोळतो. त्याला वाढ उत्तेजित करणारे द्रव्य देण्यात अर्थ नाही, हे उघड आहे. उलटपक्षी, १९६० मध्ये प्रसिद्धीस आलेल्या क्लोरमेक्वाटसारख्या, जिबरेलिनच्या निर्मितीस रोध करणाऱ्या द्रव्यांनी युरोपात गहू उभा ठेवला, तसा घनसाळ उभा ठेवता येईल काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मात्र तो विचारताना सुवास, दाण्याचा भराव आणि जनावरांसाठी लागणारा पेंढा यांवर होणारा परिणामही मोजला पाहिजे. कारण शेतकऱ्याच्या हिशेबात उंची म्हणजे वैरणही असते.

आज बाजारात नाना नावांची ‘टॉनिके’ विकली जातात. जिबरेलिन कीटकनाशक अधिनियम, १९६८ खाली येते, तर जैवउत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. कायद्याने शुद्धतेची हमी मिळेल. पण द्रव्य कोणत्या वाणाला, कोणत्या अवस्थेत, कशासाठी द्यावयाचे, याचे उत्तर प्रयोगानेच मिळावयाचे आहे. म्हणून प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ पाणी फवारलेले वाफे तुलनेसाठी ठेवावेत, आणि उत्पन्नाबरोबर पेरांची लांबी, लोळण्याचे प्रमाण, भरलेले दाणे व पेंढ्याचे वजन यांचीही नोंद करावी. एकच द्रव्य अतिरेकाने रोग ठरले, न्यूनतेने समृद्धीस कारण झाले आणि योग्य क्षणी दिल्याने बीजोत्पादनाचे साधन बनले. मात्रा, अवस्था व वाण सांगितल्यावाचून त्याच्या गुणदोषांविषयी केलेले कोणतेही विधान शास्त्रीय म्हणता येणार नाही.