कुवेतमधील निःक्षारीकरण

समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून ते पिण्याजोगे करण्याच्या प्रक्रियेला निःक्षारीकरण म्हणतात. कुवेतमध्ये एकही नदी नाही आणि पाऊस वर्षाला जेमतेम 100 ते 120 मिमी पडतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शत्त-अल-अरब नदीचे गोडे पाणी गलबतांतून आणून कुवेत शहरात विकले जाई. तेलाचा पैसा आल्यावर हे परावलंबन संपले. 1953 मध्ये शुवैख येथे दिवसाला 10 लाख गॅलन पाणी देणारे ऊर्ध्वपातन संयंत्र सुरू झाले.

या सुरुवातीच्या संयंत्रांत तापलेल्या नळ्यांवरच पाणी उकळे. त्यामुळे नळ्यांवर क्षारांची पुटे चढत आणि काम वारंवार थांबवावे लागे. स्कॉटिश अभियंता रॉबर्ट सिल्व्हर यांच्या ‘फ्लॅश’ पद्धतीने ही अडचण बरीचशी दूर केली. तिच्यात सु. 90 ते 110 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले पाणी क्रमाने कमी दाबाच्या कक्षांतून नेतात. प्रत्येक कक्षात दाब उतरताच थोड्या पाण्याची एकदम वाफ होते. आत येणारे गार समुद्रजल ज्या नळ्यांतून वाहते, त्यांच्यावर या वाफेचे पुन्हा पाणी होते आणि तिची उष्णता त्या पाण्याला मिळते. इंधनाची खरी बचत इथेच होते. वीजकेंद्राच्या टर्बाइनमधून निघालेली वाफही तापवण्यासाठी वापरतात. म्हणून कुवेतमध्ये वीज आणि पाणी बहुधा एकाच आवारात तयार होते. ऊर्ध्वपातित पाणी बेचव असते आणि नळांना गंजवते, त्यामुळे त्यात थोडे मचूळ भूजल मिसळतात.

दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे व्यस्त परासरणात (आरओ), पाणी उच्च दाबाने पटलातून ढकलतात. त्याला घनमीटरमागे सु. 3 ते 4 युनिट वीज पुरते, म्हणजे फ्लॅशपेक्षा पुष्कळच कमी. मात्र कुवेतलगतच्या इराणी आखाताचे पाणी इतर समुद्रांहून खारट आणि गढूळ असल्याने ते आधी काळजीपूर्वक गाळावे लागते.

उरलेले दाट, कोमट मिठवणी परत समुद्रात सोडतात. आखात उथळ आणि जवळजवळ बंदिस्त असल्याने किनाऱ्यालगतच्या जीवसृष्टीवर त्याचा ताण पडतो. देशाचे बहुतेक सर्व पिण्याचे पाणी या एकाच जलाशयातून येते, हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा धोका होय. 1991 च्या आखाती युद्धात संयंत्रांची मोठी हानी झाली आणि समुद्रात पसरलेल्या तेलाने आखातातील इतर देशांचेही पाणी धोक्यात आले. त्यामुळे साठवणुकीला येथे फार महत्त्व आहे. 1979 मध्ये खुले झालेले प्रसिद्ध कुवेत टॉवर्सही मुळात पाण्याच्या टाक्याच असून त्यांच्या दोन मनोऱ्यांत मिळून सु. 9,000 घनमीटर पाणी मावते.